तुम्ही विचारलंत म्हणून: इंग्रजी माध्यमात बोंबील कशाला?

पालकसभेत, सोसायटीच्या गेटवर, परवा तर नेरूळच्या प्लॅटफॉर्मवरही तोच प्रश्न. "मॅडम, इंग्लिश मीडियम ना तुमचं? मग मुलं वर्गात मराठी-हिंदी कशी बोलतात?"

मी बोलू देते म्हणून.

मातृभाषेच्या अभिमानाचं भाषण माझ्याकडे नाही. मी इंग्रजीच शिकवते आणि ती मुलांना यावी म्हणूनच हा खटाटोप. "मे आय गो टू वॉशरूम" फाडफाड आलं की तुम्ही खूश. जिम कमिन्स या कॅनडातल्या अभ्यासकाने १९७९ सालीच गप्पांची भाषा आणि पुस्तकातली भाषा यांतला फरक मांडला होता. गप्पांपुरती भाषा साधारण २ वर्षांत येते, पुस्तकातली यायला ५ ते ७ वर्षं लागतात. तीही चहूकडे इंग्रजी असलेल्या देशात. आपल्याकडे ती शाळेच्या फाटकाशी संपते.

पाचवीला विज्ञानही माझ्याकडेच होतं. दिवाळे कोळीवाड्यातली एक मुलगी, 'वीक' असा शिक्का बसलेली. वारा असला की ओले कपडे लवकर का वाळतात, या प्रश्नाखाली तिने काहीच लिहिलं नव्हतं. मी विचारलं, घरी बोंबील कसे सुकवता गं? ती उभी राहिली ती थांबेचना. दोन बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवून बांबूवर टांगायचे, ऊन किती लागतं, आभाळ आलं तर काय होतं. "वारा नसला त सुकत नाय टीचर, कुजतान." पोरं आधी हसली, मग तिलाच प्रश्न विचारायला लागली. तिचंच वाक्य मी फळ्यावर इंग्रजीत अर्धं लिहिलं, उरलेलं वर्गाने पुरं केलं. तिने वहीत चार ओळी लिहिल्या. स्पेलिंगचा आनंदीआनंद होता, पण कारण बरोबर होतं.

दारात सुपरवायझर उभ्या होत्या. दुसऱ्या दिवशी ऑफिसात बोलावणं आलं, तिथे मुलीची आईही बसलेली. ती तरी माझी बाजू घेईल असं वाटलं होतं. ती म्हणाली, "बाई, आमची भाषा तिला मी शिकवलीय. बँकेत मला फॉर्म भरता येत नाय, म्हणून हिला तुमच्याकडं घातली." तिला मी कमिन्स सांगणार होते? जूनमध्ये मुलगी दुसऱ्या शाळेत गेली. तिथे इंग्रजी सोडून काही बोललं की दंड आहे.

नोकरीला लागतानाची मी त्या आईच्या बाजूने बोलली असती. पोहायला शिकायचं तर पाण्यात ढकला, असं त्या जुन्या 'मी'चं ठाम मत. तिच्याशी मी अजून भांडते. ढकललेल्यांतली काही पोहली, हे ती दाखवते. उरलेली मागच्या बाकावर गप्प बसली, ते मी दाखवते.

आणि आगरी-कोळी मला कळते म्हणून तरी तो तास जमला. यंदा एक तेलुगू बोलणारा मुलगा आहे. "आपापल्या भाषेत बोला" म्हटलं की वर्ग हिंदीवर जातो आणि त्याच्या वाट्याला एका परक्या भाषेऐवजी दोन येतात. तेलुगू लिपी त्याला येत नाही, मला तर नाहीच. २०२० चं राष्ट्रीय शैक्षणिक धोरण सांगतं, शक्य तिथे किमान पाचवीपर्यंत घरच्या भाषेत शिकवा. त्या 'शक्य तिथे'मध्ये आमचा वर्ग बसत नाही.

पोर्शनही मागे पडतो, कबूल. तरी आधी चर्चा कुठल्याही भाषेत आणि मग उत्तर इंग्रजीत, हे मी चालूच ठेवणार आहे. पटत नसेल तर पुढच्या ओपन हाउसला मुलाचा विज्ञानाचा पेपर घेऊन या. समोर ठेवून भांडू.