चमचा कोणता?

"साखर-मीठ-पाणी करून घे," दादरच्या एका चाळीत आईने हाक दिली. आदल्या दिवशी बर्फाचा गोळा, आज जुलाब. चौथीतल्या पोराने विचारलं, "चमचा कोणता? पोह्यांचा की चहाचा?"

आई म्हणाली, "कुठलाही घे रे."

तिथेच चुकतं. 1 लिटर उकळून गार केलेल्या पाण्याला 5 मिलिच्या चमच्याने साखर 6 सपाट चमचे, मीठ फक्त अर्धा. सपाट म्हणजे सुरीच्या पाठीने वरचं काढून. साखर जास्त पडली तर जुलाब वाढतात, मीठ जास्त पडलं तर थेट धोका. चव अश्रूंपेक्षा खारट नको. उरलेलं 24 तासांनी ओतून द्या.

ओआरएसचं पाकीट असेल तर तेच बरं. पण काही पाकिटं 1 लिटर पाण्यासाठी, काही 200 मिलिसाठी. पाकिटावरचं आधी त्यालाच वाचू द्या. उलटी झाली तर 10 मिनिटं थांबून चमच्याचमच्याने. लघवी होत नसेल, पोर मलूल पडलं असेल तर मात्र सरळ डॉक्टर.

पोराचा पुढचा प्रश्न: "बाटली अर्ध्या लिटरची आहे. मग मीठ किती?"

सुट्टीतला अपूर्णांक! पाव चमचा. त्याला सांगायचं, की काढू द्यायचं?