लगोरी गेम: गायब दगडांचा छडा लागला

मंडळी, मी लुआ या प्रोग्रामिंग भाषेत, लव्ह हे गेम बनवायचं फ्रेमवर्क वापरून लगोरीचा गेम बनवतोय. मागच्या वेळी लिहिलं होतं ना की चेंडू तिसऱ्या दगडाला लागला की वरचे चार दगड क्षणभर दिसेनासे होतात आणि धूळ बसली की परत येतात, तो बग एकदाचा सापडला. दोन रात्री मी टक्कर तपासणारा कोड उकरत बसलो होतो, कारण लगोरीत वरचे दगड उडणारच, संशय तिकडेच जाणार. पण चूक होती दगड स्क्रीनवर रेखाटणाऱ्या लूपमध्ये, म्हणजे तेच काम पुन्हा पुन्हा करणाऱ्या कोडमध्ये.

सात दगडांसाठी एक व्हाईल लूप (अट खरी असेपर्यंत चालणारा), मोजायला आय नावाचं व्हेरिएबल. चेंडू लागलेल्या दगडापाशी त्यातूनच धुळीचं फंक्शन कॉल होतं, त्यात १२ कणांसाठी दुसरा व्हाईल, तिथेही आय, आणि दोन्हीकडे लोकल (म्हणजे 'हे व्हेरिएबल इथल्यापुरतंच') लिहायचं राहिलेलं! लुआत लोकल लिहिलं नाही की फंक्शनच्या आतलं व्हेरिएबलसुद्धा थेट ग्लोबल, म्हणजे सगळ्या प्रोग्रामसाठी सामायिक होतं, त्यामुळे हे दोन्ही आय एकच. धूळ रेखाटून झाली की आय १३, बाहेर येऊन एक मिळवला की १४, सातच्या वर गेला, लूप बंद, चौथ्या दगडाची पाळीच येत नाही.

आता दोन्हीकडे फॉर केलंय, त्याचा काउंटर आपोआप त्या लूपपुरताच राहतो.

शिवाय एक पहारा बसवलाय आणि तो मला फार आवडलाय. सगळे ग्लोबल ज्या अंडरस्कोर-जी टेबलात असतात त्याला मेटाटेबल (टेबलाचं वागणं ठरवणारं दुसरं टेबल) लावून त्याच्या न्यूइंडेक्समध्ये, म्हणजे नवं नाव भरताना चालणाऱ्या फंक्शनमध्ये, एरर टाकली, की कुठेही चुकून नवा ग्लोबल तयार झाला तर गेम तिथेच थांबतो आणि ओळ नंबर दाखवतो. लव्ह-अपडेट, लव्ह-ड्रॉ ही लव्ह स्वतः कॉल करतं ती फंक्शन्स अडत नाहीत, ती लव्हच्या टेबलात जातात. पहिल्याच रनला स्कोअरचं चुकीचं स्पेलिंग पकडलं, नवा पॉइंट भलत्याच नावात जमा होत होता.

ढीग पाडणारं फंक्शन स्वतःलाच कॉल करतं, ते 'लोकल पाड = फंक्शन' असं लिहिलं तर आतलं पाड ग्लोबलमध्ये शोधलं जातं आणि निल (म्हणजे काहीच नाही) मिळतं, कारण लोकलची हद्द ते वाक्य संपल्यावर सुरू होते, म्हणून 'लोकल फंक्शन पाड' असंच लिहा.

लुआ ५.४ मधलं कॉन्स्ट (व्हेरिएबलची किंमत बदलू न देणारी खूण) मात्र इथे नाही, लव्ह लुआजिट या लुआच्या वेगळ्या अवतारावर चालतं आणि ते ५.१ च्या वळणाचं आहे, त्यामुळे न बदलणाऱ्या किमती कॅपिटलमध्ये लिहितोय. आता दुसऱ्या टीमचे कंट्रोल्स घेतोय.