तुम्ही विचारलंत म्हणून : आधी उलटा करून बघा

"हाही सेकंडहँडच का?" मी हो म्हटलं की समोरची व्यक्ती माझ्या शर्टाची बाही चिमटीत धरून बघते आणि मग खरा प्रश्न येतो. "मग तो तसा दिसत कसा नाही? आम्ही हौसेने काही घ्यावं, तर घरी येईपर्यंत त्याचं पोतेरं झालेलं असतं." हे मला इतक्या जणांनी विचारलंय की आता एकदा लिहूनच टाकते.

युक्ती म्हणाल तर एकच आहे. कपडा हातात आला की मी तो आधी उलटा करते. सुलट बाजूकडे बघायची घाई करत नाही, कारण ती बघितली की माणूस प्रेमात पडतो आणि मग काखेतलं भोक दिसत नाही.

सुलट बाजू विकायला काढण्याआधी सगळेच सजवतात. धुतात, इस्त्री करतात, हँगरवर ऐटीत टांगतात. आतल्या बाजूच्या वाटेला कुणी जात नाही. तिथे मी पहिल्यांदा बघते ती माया, म्हणजे शिवणीच्या आत राखून ठेवलेलं जास्तीचं कापड. (या कापडाला हा शब्द ज्याने दिला त्याला माझा नमस्कार.) बोटभर माया असेल तर कपडा उसवून सैल करता येतो. ओव्हरलॉकच्या, म्हणजे कड उसवू नये म्हणून घातलेल्या दोऱ्यापाशीच कापड संपलेलं असेल, तर जसा आहे तसा घ्यायचा नाहीतर परत ठेवायचा. चांगल्या शिवलेल्या पँटच्या मागच्या शिवणीत आणि कोटाच्या पाठीत ही माया बहुतेक वेळा सापडतेच. शिवणाऱ्याने गृहीतच धरलेलं असतं की आतला माणूस पुढेमागे जाड होणार.

मग कपडा उजेडासमोर धरायचा. पँट असेल तर मांड्यांची आतली बाजू, शर्ट असेल तर कॉलरची घडी आणि कोपर. कापड विरलं असेल तर उजेडात तिथे जाळी दिसते. भोक परवडलं, विरणं नाही. भोकाला रफू होतं, ठिगळ लागतं. विरलेल्या कापडावर ठिगळ लावलंत तर दोन धुण्यांत ते आजूबाजूचं कापड घेऊन बाहेर येतं. अपवाद शर्टाच्या कॉलरचा. घडीवर झिजलेली कॉलर उसवून, उलटवून पुन्हा बसवता येते. झिजलेली बाजू खाली जाते आणि शर्टाला आणखी काही वर्षं मिळतात. हे काम सांगितलं की नवशिके टेलर तोंडाकडे बघत राहतात, जुने नुसती मान डोलावतात.

चेन दोनदा वरखाली करायची. काजाच्या कडा बघायच्या. इलॅस्टिक ताणून कानाशी न्यायचं, कुरकुरलं तर मेलेलं आहे. या गोष्टी दहा सेकंदांत होतात आणि बहुतेक दुरुस्तही होतात, त्यामुळे त्यांच्यावर मी फार अडून बसत नाही.

वासावर मात्र बसते. कुबट वास म्हणजे कपाटातला ओलावा. तो ऊन आणि वारा दिला की बहुधा जातो. घामाचा वास ही वेगळी जात आहे आणि तिथे कापड कोणतं हे बघावं लागतं. बेल्जियममधल्या गेंट विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१४ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला होता. २६ जणांना व्यायामाची सायकल दामटायला लावून त्यांचे टीशर्ट दुसऱ्या दिवशी तपासले. पॉलिएस्टरचे टीशर्ट सुती टीशर्टांपेक्षा जास्त वास मारत होते, आणि वास तयार करणारे मायक्रोकॉकस जातीचे जिवाणू पॉलिएस्टरवरच जोमाने वाढलेले होते. म्हणून दुसऱ्याचा पॉलिएस्टरचा व्यायामाचा टीशर्ट कितीही नवाकोरा दिसला तरी मी घेत नाही. सुती घेते, धुते, मोकळी होते. पांढऱ्या शर्टाच्या काखेतला पिवळा डागही नुसत्या घामाचा नसतो. घाम रोखणाऱ्या प्रसाधनातलं ॲल्युमिनियम घामात मिसळून तो पडतो. त्यावर क्लोरीनचं ब्लीच ओतलंत तर तो आणखी पिवळा होतो. मी ओतलेलं आहे.

आता माझी फजिती. एकदा नुसता फोटो बघून लोकरीचा स्वेटर मागवला. गडद हिरवा, गळ्याशी वेणीची वीण. पाकीट फोडलं, आरशासमोर घालून बघितला, घडी केली आणि थेट कपाटात ठेवला. उलटा केला नाही. दोन महिन्यांनी कपाट उघडलं तर माझ्याच आधीच्या तीन लोकरी कपड्यांना टाचणीने टोचल्यासारखी भोकं. हिरवा स्वेटर आतून बघितला तेव्हा काखेच्या शिवणीत कसरीच्या अळ्यांची रेशमासारखी कोशं चिकटलेली होती. उडणारा पिवळसर पतंग काही खात नाही, खाते ती त्याची अळी. तिला लोकर, रेशीम, केस, पिसं लागतात. स्वच्छ सुती कापडाकडे ती सहसा वळत नाही. विकणाऱ्यावर चिडावं तर त्या माणसाने आतून बघितलं नव्हतं, आणि मी तरी कुठे बघितलं होतं?

तेव्हापासून घरात येणारी प्रत्येक लोकरी वस्तू आधी प्लॅस्टिकच्या पिशवीत हवा काढून बंद होते आणि उणे १८ अंशांच्या फ्रीझरमध्ये दोन आठवडे राहते. बाहेर काढल्यावर ती खोलीच्या तापमानाला येईपर्यंत पिशवी उघडायची नाही, नाहीतर कापडावर दव धरतं. घरच्यांनी बर्फाच्या शेजारी स्वेटर दिसण्याची आता सवय करून घेतली आहे.

उलटा केल्यावर लेबलही दिसतं, आणि त्यावरून वयाचा अंदाज बांधता येतो. अमेरिकेत कपडा कसा धुवायचा ते सांगणारं लेबल लावण्याचा नियम १९७१ मध्ये झाला आणि १९७२ पासून लागू झाला. तेव्हा असं लेबल नसलेला अमेरिकी कपडा त्याआधीचा असू शकतो. किंवा मालकाच्या मानेला टोचत होतं म्हणून त्याने ते कापलेलं असू शकतं. लिव्हाइस या जीन्सच्या कंपनीच्या लाल पट्टीवर तिचं नाव असतं, त्यातलं इंग्रजी ई हे अक्षर १९७१ मध्ये मोठ्याचं लहान झालं. म्हणून मोठ्या ईची जीन्स दिसली की जुन्या कपड्यांचे शौकीन हरखतात. पण कंपनीने जुन्या नमुन्यांच्या नव्या आवृत्त्याही मोठ्या ईने काढल्या आहेत, तेव्हा निव्वळ पट्टी बघून खिसा रिकामा करू नका.

लेबलवरच्या साइझवर तर मुळीच जाऊ नका. अमेरिकेत १९५८ मध्ये बायकांच्या तयार कपड्यांसाठी प्रमाणित मापं ठरवली गेली आणि १९८३ मध्ये ती मागे घेतली गेली. कंपन्या आपापले आकडे लावतात आणि गिऱ्हाइकाला बरं वाटावं म्हणून मोठ्या कपड्यावर लहान आकडा छापतात. जुन्या कपड्यातली ‘बारा’ आणि आजची ‘बारा’ यांची एकमेकींशी ओळखही नाही. आपल्याला सगळ्यात छान बसणारा शर्ट जमिनीवर पसरायचा, एका काखेपासून दुसऱ्या काखेपर्यंत टेप लावायची, खांद्याच्या शिवणींमधलं अंतर घ्यायचं, लांबी घ्यायची. हे तीन आकडे माझ्या फोनमध्ये असतात.

यातला खांदा सगळ्यात महत्त्वाचा, आणि "तो तसा दिसत कसा नाही" याचं अर्धं उत्तर तिथेच आहे. लांबी कमी करता येते, कंबर आत घेता येते, बाही दुमडता येते. शिवलेल्या कोटाचा खांदा हलवायचा म्हणजे बाही, अस्तर, पॅड सगळं उचकटायचं. ते काम कोटापेक्षा महाग पडतं. खांदा बरोबर बसला की बाकीचा ढगळपणा मुद्दाम केल्यासारखा दिसतो. खांदा उतरला की दुसऱ्याकडून मागून आणल्यासारखा.

माझ्याकडे एक राखाडी लोकरी जाकीट होतं, पुरुषांच्या विभागातून उचललेलं. खांदा नेमका माझा, बाकी सगळं दोन बोटं मोठं. उलटं केलं तेव्हा डाव्या काखेपाशी अस्तराला केलेलं रफू दिसलं. दोरा किंचित निळसर, पण टाके तांदळाच्या दाण्यांसारखे एकसारखे. कुणीतरी उजेडात बसून केलेलं काम. जे जाकीट इतक्या निगुतीने सांधलं गेलं, ते टिकाऊ असणारच असं वाटलं आणि मी ते घेतलं. चकाकणारी प्लॅस्टिकची बटणं काढून शिंगाची काळपट बटणं लावली, बाही दोनदा वळवली. बटणं बदलणं हा सगळ्यात स्वस्त कायापालट आहे. आणखी एक पथ्य पाळते. अंगावर एका वेळी एकच जुनी लक्षवेधी गोष्ट. डोक्यापासून पायापर्यंत एकाच दशकातलं घातलंत तर तुम्ही नाटकातून मेकअप न उतरवता आल्यासारख्या दिसाल. आणि इस्त्री करा. चुरगळलेला नवा कपडा निष्काळजी दिसतो, चुरगळलेला जुना कपडा गरीब दिसतो. हे अन्यायाचं आहे, पण आहे.

विकतानाही मी उलटी बाजू दाखवते. खिडकीच्या उजेडात फोटो काढते, फ्लॅश नाही. एक फोटो पूर्ण, एक लेबलचा, एक आतल्या शिवणीचा, आणि जो दोष असेल त्याचा जवळून, शेजारी बोट ठेवून, म्हणजे आकार कळतो. मापं टेपने घेतलेली लिहिते, साइझ नाही. सुरुवातीला दोष लपवायचे नाही, पण "लिहायचं राहून" जायचं. एका बाईंनी शर्ट परत पाठवला, सोबत चिठ्ठी : "कफवरचं बटण नाही हे तुम्हाला माहीत होतं." माहीत होतं. तेव्हापासून दोष पहिल्या ओळीत येतो आणि गंमत म्हणजे विक्री वाढली. "शेवटचं किती?" एवढंच विचारणारे तरीही येतातच. त्यांना मी मापं पाठवते.

एक प्रश्न लोक सहसा आवाज खाली आणून विचारतात : "मेलेल्या माणसाचे असले तर?" घानामध्ये परदेशातून येणाऱ्या जुन्या कपड्यांना ‘ओब्रोनी वावू’ म्हणतात. शब्दशः, मेलेल्या गोऱ्याचे कपडे. जिवंत माणूस इतके चांगले कपडे टाकून कशाला देईल, हा त्यामागचा साधा तर्क. तिथल्या राजधानीतल्या, आक्राच्या कांतामांतो बाजारात अशा कपड्यांचे गठ्ठेच्या गठ्ठे येऊन पडतात. विकत घेणाऱ्याला गठ्ठ्यात काय आहे ते फोडल्यावरच कळतं. न खपण्याजोगा माल नाल्यात आणि समुद्रकिनाऱ्यावर जातो. म्हणून डागाळलेलं, विरलेलं मी दानाच्या पेटीत टाकत नाही, फडकी करते. आणि मेलेल्या माणसाचे असले तर असोत. धुतले की झालं.

ते राखाडी जाकीट मी चार हिवाळे वापरलं. मग माझाच खांदा बदलला, म्हणजे वजन वाढलं, आणि मी ते विकायला काढलं. पहिल्या ओळीत लिहिलं : अस्तराला डाव्या काखेपाशी जुनं रफू, फोटो पाचवा. ज्या मुलीने घेतलं तिचा आठवड्याने निरोप आला. जाकीट छान बसलं वगैरे काही नाही, सरळ प्रश्न : "ते निळ्या दोऱ्याचं रफू तुम्ही केलंत का? मला शिकायचंय."

मी कळवलं, नाही हो, ते माझ्याही आधीपासून आहे.