कंसातले कारण

सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी मनोगत पाठवावे असे शाळेचे पत्र आले, आणि लिहायला बसलो तेव्हा आमच्या भूमितीच्या सरांच्या एका तासापलीकडे मन जाईना. उदाहरणाची आकृती आजही डोळ्यांसमोर आहे: 'म' केंद्राचे वर्तुळ, बाहेरच्या 'प' बिंदूतून काढलेल्या 'पअ' आणि 'पब' या स्पर्शिका, त्यांच्यामधला कोन 50 अंशांचा, आणि मोठ्या कंसावरच्या 'क' बिंदूपाशी होणाऱ्या कोन 'अकब'चे माप काढायचे. मला काही सुचेना, म्हणून वहीतल्या आकृतीवर कोनमापक ठेवून मी 65 लिहून मोकळा झालो. उत्तर बरोबर होते. सरांनी त्यापुढे तांबड्या शाईने एकच शब्द लिहिला, "कारण?"

मग त्यांनी मला फळ्याशी बोलावले, 'क' पुसून तो वीतभर पलीकडे घेतला आणि विचारले, "आता किती?" मी लाकडी कोनमापकाकडे हात नेताच त्यांनी माझ्या हातात खडू दिला. "मअ आणि मब जोड." त्रिज्या स्पर्शिकेला लंब, म्हणून चौकोन 'पअमब'मध्ये दोन काटकोन मिळाले, 360 मधून 180 आणि 50 वजा जाता केंद्राशी 130 उरले, आणि अंतर्लिखित कोन त्याने अंतर्खंडित केलेल्या कंसाच्या मापाच्या निम्मा, म्हणून 65, मग 'क' त्या मोठ्या कंसावर कुठेही असो. प्रत्येक पायरीपुढे कंसात प्रमेय लिहून होईपर्यंत, मधल्या सुट्टीची घंटा होऊन गेली तरी, सर माझ्याशेजारी उभे होते.

पुढे मी भूमापनाच्या व्यवसायात आलो. पाच ठाण्यांचा बंद ट्रॅव्हर्स, म्हणजे मोजणीच्या पाच बिंदूंवरून फिरून पुन्हा पहिल्या बिंदूला मिळणारी रेषांची साखळी, पूर्ण झाला की आंतरकोनांची बेरीज 540 अंश यावीच लागते. 20 सेकंद (इथे सेकंद म्हणजे अंशाचा 3600वा भाग) कमी भरले, तर प्रत्येक कोनात चार-चार सेकंद वाटून द्यावे लागतात. हल्ली यंत्रच हा हिशेब करून देते आणि हाताखालची मुले तो आकडा निमूटपणे उतरवून घेतात, याचे मला मनापासून वाईट वाटते. दहावीच्या कृतिप्रश्नांतही सिद्धता अर्धी छापलेली असते, मुलांनी फक्त रिकाम्या चौकटी भरायच्या. सरांना हे रुचले नसते.

सर आता नाहीत. ती वही मी जपून ठेवली आहे. समारंभाला येताना ती घेऊन येईन आणि तांबड्या शाईचे ते पान शाळेच्या प्रदर्शनात ठेवायला देईन.