बरोक ऐकायचं तर आधी लेहरा धरा

तबल्याचं एकल वादन ऐकायला बसलेला जाणकार आधी लेहरा पकडतो. सारंगी किंवा पेटी तीच ओळ गोल गोल फिरवत असते, आणि तिच्यामुळेच तबलजी कुठे गेला, कसा परत आला हे कळतं. सतराव्या-अठराव्या शतकातल्या युरोपीय संगीताचं, म्हणजे बरोकचं, नेमकं असंच आहे. फक्त तिथला लेहरा सगळ्यात खाली असतो, चेलोत किंवा ऑर्गनच्या पायपट्ट्यांत. आपण सवयीने वरची व्हायोलिनं ऐकत बसतो आणि दहा मिनिटांत ‘छान आहे, पण सगळं सारखंच वाटतं’ म्हणून मोकळे होतो.

सुरुवात हेन्री पर्सेल या इंग्रज संगीतकारापासून करावी. ‘डिडो अँड इनिअस’ या त्याच्या ऑपेराचा सगळ्यात जुना माहीत असलेला प्रयोग १६८९च्या सुमाराचा, लंडनजवळ चेल्सीतल्या मुलींच्या एका शाळेतला. त्यात शेवटी मरणाच्या दारात उभी असलेली राणी गाते. गाण्याखालचा बास, म्हणजे सगळ्यात खालची ओळ, असा: सा, नी, कोमल नी, ध, कोमल ध, प. एकेक पट्टी खाली. मग कोमल ग, म, प अशी तीन पावलं आणि खालचा सा. दोन्ही निषाद आणि दोन्ही धैवत असे पाठोपाठ आले की आपल्या कानाला तो राग वाटत नाही, उतरणीवरून पाय घसरल्यासारखं वाटतं. पर्सेलला तेच हवं होतं.

मोजायला ही पंधरा मात्रांची गोष्ट आहे: तीन-तीन मात्रांचे पाच गट, साधारण वीस सेकंदांचं एक आवर्तन. पंचम सवारी मोजणाऱ्याला पंधराचं काय कौतुक! पहिलं आवर्तन बास एकटाच वाजवतो, मग आवाज येतो. एकूण अकरा आवर्तनं, त्यातली शेवटची दोन नुसती तंतुवाद्यांची. गंमत अशी की राणीची ओळ बासच्या आवर्तनाबरोबर संपत नाही. बास समेवर पोचलेला असतो आणि ती अजून वाक्याच्या मध्येच असते. ‘माझी आठवण ठेवा’ म्हणताना तर ती पंचमावरच थांबून राहते, बास खाली सरकत राहतो, आणि मग ती तार षड्जाला जाते. नुसता आवाज ऐकला तर हे एक दुःखी गाणं आहे. खालचा बास धरला तर कुणीतरी जायला नकार देतंय आणि जमीन मात्र सरकतेच आहे, हे ऐकू येतं. पर्सेल १६९५मध्ये जेमतेम छत्तिसाव्या वर्षी गेला.

आता पेटी काढा. स्वरलिपीप्रमाणे हे गाणं पांढरी पाचचं, म्हणजे पाचव्या पांढऱ्या पट्टीला सा धरून. पण जुन्या पद्धतीच्या वाद्यांवरचं रेकॉर्डिंग लावलंत तर पांढरी पाच बेसूर वाटेल. पेटी बिघडलेली नाही. वाद्यं जुळवायचा आजचा ‘ए’ (पांढरी सहा) ४४० हर्ट्झचा, बरोक वाद्यमेळात तो बहुधा ४१५ला लावतात, म्हणजे अर्धा स्वर खाली. तेव्हा काळी तीन धरायची. काही मंडळी आणखी खाली, ३९२ला लावतात, मग पांढरी चार. जुन्या जर्मन ऑर्गनचं बरेचदा उलट असतं, ते चढे असतात. आधी शेवटचा लांब षड्ज ऐकून पट्टी ठरवावी, मगच बरोबर वाजवावं.

दुसरी अडचण मोबाइलची. या बासचा पहिला सा १९६ हर्ट्झच्या आसपास आणि शेवटचा ९८च्या आसपास. फोनच्या चिमुकल्या स्पीकरमधून दोनशेच्या खालचं जवळपास काहीच बाहेर पडत नाही, त्यामुळे लेहराच गायब. इअरफोन लावून लोकलमध्ये ऐकलं तरी घोटाळा होतो, कारण गाडीची घरघर नेमकी त्याच खालच्या पट्टीत असते आणि बासला झाकून टाकते. पर्सेल घरी, रात्री ऐकावा. लोकलसाठी पाखेल्बेल ठेवा.

पाखेल्बेल या जर्मन संगीतकाराचा तो कॅनन सगळ्यांनी लग्नाच्या व्हिडिओत ऐकलेला असतो. बास आठ मात्रांचा: सा प ध ग म सा म प, सरळ बिलावल. अठ्ठावीस वेळा, एकदाही न बदलता. चेलो वाजवणाऱ्याची दया येते. पहिलं आवर्तन बासचं, दुसऱ्यात पहिलं व्हायोलिन, तिसऱ्यात दुसरं, चौथ्यात तिसरं, आणि तिघं तंतोतंत तीच चीज एकमेकांच्या आठ मात्रा मागून वाजवतात. मूळ रचना फक्त तीन व्हायोलिनं आणि बास एवढ्याचीच आहे. पन्नास वादकांचा संथ, तुपकट अवतार टाळा. त्यात कोण कुणाच्या मागे आहे तेच कळत नाही.

बासबरोबर हार्पसिकॉर्ड, म्हणजे पियानोसारखं पट्ट्यांचं पण तारा छेडणारं वाद्य, किणकिणत असतं, त्याच्या वादकासमोर पूर्ण स्वर लिहिलेले नसतात. नुसता बास आणि त्यावर आकडे. सा वर आकडा नसेल तर सा ग प, ६ असेल तर सा ग ध, ६ आणि ४ असतील तर सा म ध. बाकी भरणं, तोडणं, शोभा आणणं त्याच्यावर. आपल्या साथीच्या पेटीवाल्यासारखंच, म्हणून एकाच रचनेची दोन रेकॉर्डिंगं सारखी निघत नाहीत. मुंबईत एनसीपीएसारख्या ठिकाणी असा कार्यक्रम असला तर चेलो बसतात त्या बाजूची, बहुधा प्रेक्षकांच्या उजव्या हाताची, जागा घ्यावी. मध्यंतरात कुणी हार्पसिकॉर्डच्या तारा पुन्हा लावताना दिसलं तर नवल नको. आपली दमट हवा आणि सभागृहाचा एसी यांच्यामध्ये त्याचं लाकूड बिचारं सारखं फुगतं-आकसतं.

बाखकडे यायचं तर ल्युबेकचा ऑर्गनवादक बुक्स्टेहूडं याच्यावरून यावं. १७०५मध्ये वीस वर्षांचा बाख चार आठवड्यांची रजा काढून आर्नश्टाटहून ल्युबेकला त्याला ऐकायला गेला, चारशेच्या आसपास किलोमीटर, सांगतात त्याप्रमाणे पायी. आळंदी-पंढरपूर अडीचशे धरलं तर वारीच्या दीडपटीहून जास्त. परतला चारेक महिन्यांनी आणि वरिष्ठांची बोलणी खाल्ली. बुक्स्टेहूडंच्या डी मायनरमधल्या पासाकाल्यात, म्हणजे फिरत्या बासवर रचलेल्या ऑर्गनच्या रचनेत, चार मात्रागटांचा लेहरा चार भागांत सात-सात वेळा फिरतो, मधले दोन भाग वेगळ्या पट्ट्यांत. बाखने आपल्या सी मायनरच्या पासाकाल्यात तो आठ मात्रागटांचा केला, स्वर किरवाणीचे, आणि आधी एकट्या पायांनी वाजवून दाखवला. मग वीस आवर्तनं. अकराव्यात तो चक्क सगळ्यात वर जातो. खाली शोधत बसलात तर हरवलात. शेवटी त्याच ओळीचा पहिला अर्धा भाग घेऊन फ्यूग, म्हणजे एकच ओळ एकामागून एक आवाज उचलत जातात अशी रचना.

सगळ्यात अवघड बाखचा चॅकोन, तीही फिरत्या बासवरचीच रचना, पण एकट्या व्हायोलिनसाठी, हस्तलिखित १७२०चं. बायकोच्या मृत्यूवर तो रचला ही कथा फार सांगितली जाते. ती त्याच वर्षी गेली एवढं खरं, बाकीला पुरावा नाही. इथे बास वाजवायला दुसरं कुणीच नाही, एकाच गजातून लेहराही आणि वरचा विस्तारही. साधारण तेरा सेकंदांची, बारा मात्रांची चौसष्ट आवर्तनं: सा, नी, सा, कोमल ध, म, प, सा, आणि पुढे हा बासही रूप बदलत जातो. जवळपास सगळे फसतात ते पहिल्याच आघाताला. तो सम वाटतो, पण रचना दुसऱ्या मात्रेवरून उठते. पहिला आघात ‘दोन’ म्हणूनच मोजा, नाहीतर चौदा मिनिटं एका मात्रेने चुकलेली जातील. निम्म्यावर कोमल स्वर शुद्ध होतात आणि खोलीत कुणी खिडकी उघडल्यासारखं होतं. तिथे मोजणं सुटतंच. सुटू द्या, आणि खाली प वरून सा वर उडी ऐकू येईपर्यंत थांबा. तो सा म्हणजे सम. पुढची मात्रा दोन.