पालखेड १७२८ : तिसरी आवृत्ती, गड्डी आवरली

बाजीराव विरुद्ध निजाम या पालखेडच्या लढाईवरच्या, दोघांनी खेळायच्या पत्त्यांच्या खेळाची ही तिसरी आवृत्ती. नकाशा तोच आहे: पुणे, औरंगाबाद, बुऱ्हाणपूर, गोदावरीचे दोन उतार, पालखेड. पाळ्याही बाराच. बदल फक्त पत्त्यांत.

दुसऱ्या आवृत्तीत बाजीरावाचा खेळाडू दुबळे पत्ते काढत गड्डी पाचावर आणायचा. हातही पाचांचाच, म्हणजे अख्खी गड्डी हातात आणि दर पाळीला ‘धाड’चा पत्ता. मार्टिन वॉलेसच्या ‘अ फ्यू एकर्स ऑफ स्नो’ या खेळाला (२०११) हाच रोग होता, ब्रिटिशांची बारीक गड्डी आणि तिचा तो कुप्रसिद्ध, जवळजवळ न हरणारा डाव, ‘हॅलिफॅक्स हॅमर’.

आता पत्ता काढायला एक कृती आणि एक मोहोर लागते. एका पाळीत तिसरं ठाणं ओलांडलं, की ‘दमलेली घोडी’ हा निरुपयोगी पत्ता टाकलेल्या राशीत जातो. गड्डी दहाची असेल तर धाड पाळीआड येते, पंधराची झाली की तीन पाळ्यांत एकदा. एक फट मात्र होती: हा पत्ता पुढच्या पिसणीनंतरच बोचतो, म्हणून शेवटी घोडी फुकटात दामटता यायची. दहाव्या पाळीपासून तो थेट गड्डीवर ठेवा.

निजामाचे सुरुवातीचे दहा पत्ते: तोफखाना २, रसद ३, स्वार ३, सरदार २. हातात तोफखाना असेल तर चाल एकाच ठाण्याची, आणि गोदावरी उतरायची तर तो पत्ता खेळाबाहेर. निजामाने घाईत तोफा मागे ठेवल्या, ते इथे खेळाडूच्या जिवावर येतं. पालखेडला वेढा पडला की पाणी तुटतं. रसद खेळता येत नाही, टाकताही येत नाही, नुसती हात अडवून बसते. तीनही रसदी एकदम आल्या की समोरच्याचा चेहरा बघावा!

छपाई: एकूण ५४ पत्ते, ६३ × ८८ मिमी, ए-फोरवर नऊ, म्हणजे सहा कागद. साधा कागद कापून जुन्या पत्त्यासोबत पारदर्शक स्लीव्हमध्ये सरकवा. आपल्याकडचे बरेच जोड ५७ मिमी रुंदीचे असतात. ते आत हलतात, कागद तिरका होतो आणि पिसताना कडेवरून पत्ता ओळखू येतो. पोकर मापाचाच (६३ मिमी रुंद) जोड घ्या, पाठ एकाच नक्षीची.

निजामाची गड्डी अजून जड पडते. घेतलेल्या प्रत्येक ठाण्याचा पत्ता गड्डीत येतो आणि ती फुगते. पुढच्या खेपेला त्याच पत्त्यावर दोन पर्याय छापणार: दोन मोहोरांची खंडणी, नाहीतर एक स्वार.