दुसऱ्या हाताचं बीपी

आज दिवसभर कफ (बीपी मोजताना दंडाला गुंडाळायचा पट्टा) बांधता-सोडता पुन्हा तेच दिसलं. एका हातावर बीपी घेतलं की काम झालं, असं सगळेच धरून चालतात. पहिल्या भेटीत तरी दोन्ही दंड मोजायलाच हवेत.

पाच मिनिटं शांत बसवायचं, पाठ टेकलेली, पाय जमिनीवर, दंड हृदयाच्या पातळीला. हात खाली लोंबकळला की आकडा फुगतो. कफ लहान पडला तरीही तेच! बाहीवरून तर बांधूच नये.

उजव्यावर १४८, डाव्यावर १३२ आलं, तर लगेच घाबरायचं नाही. पहिलं रीडिंग धास्तीनेही चढतं, म्हणून मिनिटभराने पुन्हा उजवा हात घ्यायचा. पाच-सहाचा फरक किरकोळ. वरच्या आकड्यात १०पेक्षा जास्त फरक वारंवार आला, तर पुढे कायम जास्त आकड्याचाच हात वापरायचा आणि कागदावर ‘उजवा’ असं स्पष्ट लिहायचं (हे लिहायला हमखास विसरतात). १५ किंवा जास्त फरक टिकला, तर कमी आकड्याच्या बाजूची धमनी अरुंद झाल्याची शंका घ्यावी, डॉक्टरांनी नाडीही तपासावी.

डायलिसिसचा फिस्टुला (त्यासाठी धमनी आणि शीर जोडून केलेली जागा) असलेल्या हाताला मात्र कफ लावायचा नाही.